रानभाज्यांची सुरुवात पावसाळ्यात नको, चैत्रात करा

रानभाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आषाढ येतो. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कर्टुली. नवखा माणूसही पहिला पाऊस पडला की उत्साहाने बाजारात जातो, आठ प्रकारच्या हिरव्या जुड्या बघतो आणि त्यातली एकही ओळखता न आल्यामुळे मेथी घेऊन घरी येतो. त्यात त्याची चूक नाही. पावसाळ्यात जमिनीतून जे काही वर येतं ते सगळं हिरवं, सगळं कोवळं आणि पहिल्या पंधरा दिवसांत सगळं जवळपास सारखंच दिसतं. शिकायला बसण्यासाठी तो सगळ्यात अवघड वर्ग आहे.

माझं म्हणणं असं, की सुरुवात त्याच्या तीन महिने आधी करावी. फाल्गुन संपत आला की आपल्याकडची जमीन कोरडी ठणठणीत होते, पण झाडांची मुळं खोल असतात. पानं गाळून बसलेली झाडं याच दिवसांत फुलतात, कळ्या धरतात, कोवळी पालवी काढतात. त्यामुळे वसंतातली रानभाजी बहुतेक झाडावरची असते. फुलं, कळ्या, कच्ची फळं. झाड ओळखणं हे रोप ओळखण्यापेक्षा कितीतरी सोपं. ते उद्याही तिथेच असतं, परवाही असतं, आणि शेजारच्या आजींना त्याचं नाव माहीत असतं.

आधी पाडव्याचा कडुलिंब

तुम्ही म्हणाल, मी आजवर एकही रानभाजी खाल्लेली नाही. गुढीपाडव्याला कडुलिंबाची चटणी खाल्ली असेल तर खाल्ली आहे. कोवळी लालसर पालवी आणि फुलांचा मोहोर, त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, चिंच, ओवा, हिंग, मीठ. बहुतेक घरांत ती बोटाच्या टोकावर घेऊन, तोंड वाकडं करून, पाण्याबरोबर गिळली जाते. यंदा जरा नीट करून बघा. दोन चमचे कोवळी पानं आणि फुलं, चार चमचे डाळ, दोन चमचे गूळ, लिंबाएवढ्या नव्हे तर बोराएवढ्या चिंचेचा कोळ, पाव चमचा ओवा. जाडसर वाटायची. कडू, गोड, आंबट आणि तिखटसर ओवा एकापाठोपाठ एक लागायला हवेत. नुसतं कडूच लागलं तर पानं जून होती असं समजा.

या चटणीत पुढच्या सगळ्या भाज्यांची युक्ती दडलेली आहे. कडू चवीला हरवायला जायचं नाही, तिला सोबत द्यायची. गूळ, डाळ, खोबरं, तेल, आंबट.

ओळखीचा पहिला धडाही इथेच घ्या. कडुलिंबासारखं दिसणारं बकाण निंब नावाचं झाड शहरांत शोभेसाठी लावलेलं असतं. ते विषारी आहे, विशेषतः त्याची फळं. फरक असा: कडुलिंबाच्या एका देठाला दोन्ही बाजूंनी करवतीच्या कडांची पानं असतात आणि फुलं पांढरी. बकाणाच्या देठाला आणखी देठ फुटतात, त्यांना पानं लागतात, आणि फुलं जांभळट. एकदा दोन्ही फांद्या शेजारी ठेवून बघितल्या की आयुष्यात पुन्हा चूक होत नाही. रानभाज्या शिकायच्या त्या अशाच. खायची वस्तू आणि तिची फसवी बहीण, दोघींना एकत्र ओळखायचं.

कुठून आणायच्या

पहिली दोन वर्षं बाजारातूनच. रानातून, रस्त्याच्या कडेने, सोसायटीच्या मागून काहीही तोडून आणू नका. ठाणे, पालघर, वसई, कर्जत या भागांत स्टेशनच्या बाहेर किंवा बाजाराच्या शेवटच्या टोकाला फडक्यावर चारपाच वाटे मांडून बसलेल्या बाया दिसतात. त्यांच्याकडे फ्लॉवर-टोमॅटो नसतो. जे असतं ते त्या पहाटे स्वतः काढून आणतात. सकाळी लवकर जा, दहानंतर फुलं मान टाकतात.

तीन प्रश्न विचारा. मावशी, हे कशाचं आहे? तुम्ही घरी कसं करता? यातलं काय टाकून द्यायचं? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक लोक तोच विचारत नाहीत. मी पहिल्यांदा कुड्याची फुलं घेतली तेव्हा फक्त नाव विचारलं आणि घरी येऊन सरळ फोडणीला टाकली. भाजी इतकी कडू झाली की घरात कोणी दुसरा घास घेतला नाही. पुढच्या आठवड्यात त्याच मावशींना सांगितलं, तर त्या हसून म्हणाल्या, "पाणी काढून पिळायची ना! तशीच टाकली तर तोंडात धरवायची नाय." आणि घासाघीस करू नका. त्या वाट्यामागे पहाटेची दोन तासांची पायपीट असते.

सोबत कापडी पिशवी न्या. प्लॅस्टिकमध्ये फुलांना घाम फुटतो आणि घरी पोचेपर्यंत ती काळी पडतात. फुलं आणली त्याच दिवशी शिजवायची. फ्रिजमध्ये ठेवून रविवारी करू हा विचार सोडून द्या.

खाण्याआधीचे नियम

एका दिवशी एकच नवी भाजी. पहिल्यांदा अर्ध्या वाटीपेक्षा जास्त नको, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघा. एखाद्याला एखादी भाजी बाधते, त्याला इलाज नाही. गरोदर बाई, लहान मूल, किंवा ज्यांना मधुमेहाची, रक्तदाबाची औषधं चालू आहेत त्यांना प्रयोगात ओढू नका. "रानातलं आहे, म्हणजे औषधीच" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. कण्हेरही उघड्यावरच वाढते, आणि धोतराही.

हायवेच्या कडेची, नाल्याकाठची, नुकत्याच फवारलेल्या शेताच्या बांधावरची भाजी कितीही कोवळी दिसली तरी नको.

पहिली भाजी: शेवग्याची फुलं

शेवगा हा काही खरा रानातला म्हणता येत नाही, तो परसातला आणि बांधावरचा. तरी सुरुवातीला हाच बरा, कारण चुकण्याची शक्यता जवळजवळ नाही. शेंगा सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. जानेवारीपासून मार्चपर्यंत झाड मलईच्या रंगाच्या फुलांनी भरतं आणि सकाळी खाली सडा पडतो.

कोणाच्या परसात झाड असेल तर विचारून, पहाटे खाली जुनी साडी पसरून ठेवा आणि फांदी हलकेच हलवा. जी फुलं सहज गळतात तेवढीच घ्यायची. ओरबाडून काढलेलं प्रत्येक फूल म्हणजे गमावलेली शेंग, आणि घरमालकीणबाई ते मोजत असतात.

फुलं ताटात पसरून दहा मिनिटं उन्हात ठेवा, आतले किडे-मुंग्या आपापल्या वाटेने निघून जातात. मग जाड देठ काढून मिठाच्या पाण्यात दोनदा धुवा. चार वाट्या फुलं घेतली असतील तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून काढा, गार झाली की तळहातात दाबून पिळा. चार वाट्यांचा जेमतेम सव्वा वाटीभर गोळा उरेल. घाबरू नका, तसंच असतं.

दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, तीन हिरव्या मिरच्या. दोन मध्यम कांदे बारीक चिरून गुलाबी होईपर्यंत परता. अर्धा तास भिजवलेली मुगाची डाळ पाव वाटी घाला, झाकण ठेवून डाळ बोटाने दबेल इतकी शिजवा. मग फुलं, मीठ, चिमूटभर गूळ, आणि पाचच मिनिटं परतणं. वरून ओलं खोबरं. चवीला किंचित कडसर, किंचित गोड, मागे शेवग्याच्या शेंगेची आठवण. डाळीऐवजी तीन चमचे बेसन पेरून झुणक्यासारखी करता येते. अंडं चालत असेल तर कांद्यावर फुलं परतून वर दोन अंडी फोडा. माझ्या मते ही तिन्हींतली सगळ्यात चांगली, पण घरात यावर मतभेद आहेत.

तुरट कांचन

कांचनाचं पान म्हणजे आपट्याच्या पानाचं थोरलं भावंड, मधोमध चीर असलेलं. दसऱ्याला सोनं वाटलेल्या माणसाला ते ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरतं, तेव्हा अंगावर पानं मात्र फारशी नसतात. उत्तरेकडे याच कळ्यांना कचनार म्हणून मोठा मान आहे.

भाजीला घट्ट मिटलेल्या हिरव्या कळ्या लागतात. पाकळीचा रंग दिसू लागलेली कळी बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळा, पाणी टाका, पिळा. मग कांदा, आलं, धणेपूड, लाल तिखट असं परतून शेवटी गॅस बारीक करून दोन चमचे घुसळलेलं दही. तुरटपणाला दही मऊ करतं. मला ही भाजी तितकी आवडत नाही, पण करून बघण्यासारखी आहे. शहरातली बरीच कांचनं रस्त्याच्या दुभाजकात धूर खात उभी असतात, त्यांच्या कळ्या मात्र नकोत.

कुड्याची फुलं

हीच ती, जिने माझी फजिती केली. एप्रिलपासून पुढे कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर पांढरा कुडा फुलतो. फांद्यांच्या टोकांना पाच पाकळ्यांच्या पांढऱ्या, सुवासिक फुलांचे झुबके. पावसाळा लागायच्या आधी एकदा तरी कुड्याची भाजी पोटात जावी, जंत होत नाहीत, असं कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकायला मिळतं. कुड्याची साल आयुर्वेदात अतिसारावर वापरतात, त्यामुळे या समजुतीला मुळं आहेत. मात्र भाजी ही भाजी म्हणून खावी, औषध म्हणून तिचा डोस ठरवू नये.

ही स्वतः तोडायची नाही. कुडा तोडला की पांढरा चीक येतो, आणि त्याच कुळात कण्हेर आहे, जिचं पान, फूल, मूळ, सगळंच विषारी. शिवाय काळा कुडा नावाचं दुसरं झाड याच दिवसांत पांढऱ्याच फुलांनी फुललेलं असतं. शेंगा लागल्या की दोघांतला फरक कळतो: पांढऱ्या कुड्याच्या दोन लांब बारीक शेंगा मोकळ्या लोंबतात, काळ्याच्या जोडशेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात. पण फुलांच्या वेळी शेंगा हाताशी असतीलच असं नाही. म्हणून ओळखीच्या मावशींकडूनच घ्या.

देठं काढा, धुवा. भरपूर पाण्यात मीठ घालून पाच मिनिटं उकळा. पाणी हिरवट-पिवळं होतं, ते ओतून द्या. गार पाण्यात एकदा खळबळून घट्ट पिळा. एक फूल चाखून बघा. कारल्याच्या भाजीपेक्षा कडू वाटलं तर पुन्हा एकदा उकळा. आता कढईत नेहमीपेक्षा एक चमचा जास्त तेल, सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून, दोन मिरच्या, आणि फुलांच्या दुप्पट कांदा. हे प्रमाण कंजुषीने घेऊ नका. कांदा नीट लालसर झाला की फुलं, मीठ, सुपारीएवढा गूळ. मंद आचेवर दहा मिनिटं, झाकण न ठेवता. मूठभर ओलं खोबरं. घरात चालत असेल तर भाजून निवडलेला सुका जवळा दोन चमचे टाका, कडूपणाशी त्याचं छान जमतं. तांदळाच्या भाकरीबरोबर पहिल्या घासाला कडू लागेल, तिसऱ्याला हात पुन्हा ताटाकडे जाईल.

भोकरं, आणि हात धुण्याचा प्रश्न

भोकराची कच्ची हिरवी फळं मार्च ते मेमध्ये बाजारात येतात. घेताना टणक, हिरवीगार, डाग नसलेली घ्या. पिवळसर झाली की आतला बलक वाढतो. तो बलक म्हणजे खरोखरच डिंक. पिकलेल्या भोकराने पूर्वी मुलं पतंग आणि वह्यांची पानं चिकटवायची. कच्च्यातही तो पुरेसा असतो. पहिल्यांदा मी भोकरं सुरीने चिरायला बसलो, आणि सुरी, पाट, बोटं आणि फोन हे सगळं एकच होऊन बसलं.

पाव किलो भोकरं टोप्यांसकट धुवा. पाण्यात मीठ आणि अर्धा चमचा हळद घालून दहा मिनिटं उकळा. निथळून पूर्ण गार करा. आता टोपी उपटून फळ दोन बोटांत दाबलं की बी टुणकन बाहेर येते. येत नसेल तर काडीचं टोक मिठात बुडवून तिने बी उकला, मिठाने चिकटपणा सुटतो. बिया मोजा. भोकरं तीस आणि बिया एकोणतीस असतील तर ती तिसावी कोणाच्या तरी दाताखाली येणार.

फोडणीत मोहरी, अर्धा चमचा मेथीदाणे, हिंग, हळद. भोकरं टाकून परता, लाल तिखट, मीठ, आणि अर्ध्या कैरीच्या बारीक फोडी. कैरीला पर्याय शोधू नका, आंबटाशिवाय भोकराचा बुळबुळीतपणा जात नाही. पाणी अजिबात घालायचं नाही. शेवटी थोडा गूळ. पोळीबरोबर खा. दुसऱ्या दिवशी ही भाजी आणखी चांगली लागते. उरलेली भोकरं कैरीच्या लोणच्यात जातात, ते तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

विदर्भातली चिवळ

झाडांच्या यादीत ही एकच जमिनीवरची, पण तिला वगळलं तर नागपूर-अमरावतीकडचे वाचक मला सोडणार नाहीत. उन्हाळ्यात, जिथे थोडा ओलावा आहे तिथे, चिवळ जमिनीला चिकटून पसरते. बारीक मांसल पानं, लालसर दोऱ्यासारख्या काड्या, चव किंचित आंबट. घोळ ही तिची मोठ्या पानांची बहीण.

फसवी बहीण इथेही आहे. तसंच लालसर, तसंच जमिनीला चिकटून पसरणारं नायटी नावाचं तण. परीक्षा सोपी आहे: काडी मोडा. पांढरं दूध आलं तर फेकून द्या आणि हात धुवा. चिवळीतून नुसतं पाणी येतं.

खरी मेहनत निवडण्यात आहे. मुळं काढा, मग पाण्याच्या मोठ्या पातेल्यात बुडवून, हाताने वर उचलून घ्या. पाणी भाजीवरून ओतायचं नाही, भाजी पाण्यातून उचलायची, म्हणजे माती तळाला राहते. असं चार वेळा, तळाला एकही कण दिसेनासा होईपर्यंत. मग तेलात मोहरी, आठ-दहा लसूण पाकळ्या, सुक्या लाल मिरच्या, त्यावर चिवळ. ती स्वतःचं पाणी सोडते. ते निम्मं आटलं की चार चमचे बेसन पेरा, झाकण ठेवून वाफ आणा, एकदा हलवा, पुन्हा वाफ. ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा, बस. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र चिवळ आणि घोळ दोन्ही बेताने खावीत, त्यांत ऑक्झलेट बरंच असतं.

मोह विकत घ्या, वेचू नका

मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची रसरशीत फुलं जमिनीवर टपटपतात. गडचिरोली, नंदुरबार, पालघर या भागांत घरातली सगळी माणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. कोणतं झाड कोणत्या घराचं हे बऱ्याच गावांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. तुम्हाला ते बेवारस दिसतं, पण तसं ते नसतं. 2006 च्या वनहक्क कायद्याने मोहफुलांसारख्या गौण वनउपजावर तिथे राहणाऱ्या आदिवासींचा आणि इतर पारंपरिक वननिवासींचा हक्क मान्य केलेला आहे. आणि राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात फिरायला गेलेल्याने तर काहीच तोडायचं-वेचायचं नाही.

वाळवलेली फुलं विकत मिळाली तर एक वाटी घ्या. बेदाण्यासारखी दिसतात. आतले केसर झटकून टाका, दोनदा धुवा, थोड्या पाण्यात मऊ शिजवा आणि पाणी आटवा. वास उग्र येतो, शेजारी काय म्हणतील ती धास्ती पाच मिनिटांत ओसरते. तेवढ्याच भाजलेल्या तिळाबरोबर कुटून छोटे लाडू वळा. साखर-गूळ काहीही नको. ज्यांनी मोह म्हणजे फक्त दारू एवढंच ऐकलंय त्यांच्या हातात आधी लाडू द्यावा आणि नाव नंतर सांगावं.

कच्ची करवंदं आणि फणसाची कुयरी यांवर वेगळं लिहायला हवं. तूर्त इतकंच: करवंदं चिरून, मीठ लावून, चीक निघून गेल्यावर मिरची-कोथिंबिरीबरोबर वाटा. कुयरी चिरताना हाताला, विळीला आणि जमिनीवर पसरलेल्या कागदालाही तेल लावा.

वही

एक छोटी वही करा. भाजीचं त्या बाईने सांगितलेलं नाव, बाजार, तारीख, काय टाकून दिलं, किती वेळ उकळलं, घरात कोणी दुसऱ्यांदा मागितली का. नाव तिने उच्चारलं तसंच लिहा, कारण दहा कोसांवर तेच नाव दुसऱ्या झाडाला असू शकतं. एक वाळलेलं पान-फूल पानांत चिकटवा (भोकराच्या डिंकाने चिकटवलंत तर फारच उत्तम). पुढच्या चैत्रात ही वही घेऊन त्याच मावशींकडे जा. त्या चुका दुरुस्त करतात.

मेअखेरीला, मृगाच्या आधी एखादी वळवाची सर पडली की त्याच फडक्यावर जांभळट-तपकिरी दांडे दिसू लागतील. ती शेवळं. चार झाडांच्या भाज्या करून झाल्या असतील तर आता ती घ्यायला हरकत नाही, पण नुसती नको. शेवळांनी घसा खाजतो, म्हणून त्यांच्याबरोबर काकडं नावाची छोटी आंबट हिरवी फळं विकायला असतात. ती त्याच मावशींकडून मागून घ्या, आणि किती शेवळांना किती काकडं हेही तिथेच विचारा. काकडं संपली असतील तर घरी चिंच आहे का ते आठवा. नसेल, तर त्या दिवशी शेवळं राहू द्या.